पानांनी तोंड मिटलं, फायदा कुणाचा?

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकं आपली पर्णरंध्रं थोडी मिटून घेतात. त्यात पाणी वाचतं, हे खरं. पण त्या बचतीचं बिल कुठे फाटतं हे न बघता ‘कार्बन म्हणजे पिकांचा खुराक’ म्हणत सुटणं आपल्याला महागात पडेल.

बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकाने ती आकृती काढलेली असते. पानाची पातळ साल सोलायची, स्लाइडवर ठेवायची, मायक्रोस्कोपमधून बघायचं आणि राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवल्यासारखं काहीतरी जर्नलमध्ये पेन्सिलीने रेखाटायचं. मधल्या फटीला बाण करून लिहायचं ‘पर्णरंध्र’, दोन दाण्यांना ‘रक्षक पेशी’. सरांची सही झाली की विषय संपला.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, लगेच पान उलटू नका. हा विषय सायन्सवाल्यांच्या जर्नलपुरता नाही. आपल्या ताटातली भाकरी, भात, वरण हे सगळं त्या फटीतून आत गेलेल्या हवेचं बनलंय. आणि ती फट सध्या बदलतेय. कारण बाहेरची हवा बदलतेय.

या बदलाबद्दल एक युक्तिवाद हल्ली सगळीकडे ऐकू येतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, रील्समध्ये, कधी कॉलेजच्या डिबेटमध्येसुद्धा. ‘कार्बन डायऑक्साइडला उगाच व्हिलन करताय. झाडं तोच खातात ना? मग तो वाढला तर पिकं जोमात येणार, पाणीही कमी लागणार. शेतकऱ्याचा फायदाच की!’ ऐकायला एकदम लॉजिकल वाटतं. समोरचा गप्प बसतो. गंमत म्हणजे यातला प्रत्येक तुकडा सुटा सुटा बघितला तर बऱ्यापैकी खराही आहे. म्हणूनच त्याला नुसतं ‘फेक’ म्हणून उडवून लावता येत नाही. तो अर्धवट आहे, आणि अर्धवट सत्य खोट्यापेक्षा जास्त दिवस टिकतं.

तर उरलेलं अर्धं काय आहे ते बघू.

आधी व्यवहार समजून घेऊ

पानाला जगायला दोन गोष्टी लागतात, आणि त्या दोन्हींचा रस्ता एकच आहे. कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत यायला हवा, त्यासाठी फट उघडावी लागते. पण फट उघडली की आतली वाफ बाहेर पळते. दुकानाचं शटर वर केल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही आणि शटर वर असलं की आतला एसी रस्त्यावर वाया जातो, तसं. यातला तोटा किरकोळ नाही. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत घेताना झाड पाण्याचे शेकडो रेणू गमावतं. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी बहुतांश पाणी झाडाच्या अंगी लागतच नाही, ते पानांवाटे हवेत जातं. आणि हे सगळं होतं ती उघडी जागा पानाच्या एकूण पृष्ठभागाच्या जेमतेम एक-दोन टक्के!

त्यामुळे झाड शटर कायमचं उघडं ठेवत नाही. उजेड आला की रक्षक पेशी पोटॅशियमचे आयन आत ओढतात, त्यामागोमाग पाणी येतं, पेशी फुगतात आणि मधली फट उघडते. मुळांना पाणी कमी पडलं की संप्रेरकांचा निरोप येतो, आयन बाहेर, पाणी बाहेर, फट बंद. पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड पुरेसा जमला तरीही फट अरुंद होते. गिऱ्हाईक गर्दीने येत असेल तर अर्धं शटर पुरतं, एवढा साधा हिशोब. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरी दिवसभर हा हिशोब चालू असतो.

हवा बदलली, पान बदललं

हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण ३१५ भाग होता. औद्योगिक क्रांतीच्या आधी तो २८०च्या आसपास असायचा. आज तो ४२०च्या पुढे गेलाय. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणी ज्वारीचं पान जी हवा घेत होतं, ती हवा आता उरलेलीच नाही.

पानांना हे कळलं का? हा प्रश्न इयान वुडवर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाला पडला. त्याने केंब्रिजमध्ये जपून ठेवलेली, कागदावर चिकटवलेली जुनी वाळलेली पानं काढली आणि त्यांच्यावरची रंध्रं मोजली. पानं दोनशे वर्षांच्या काळातली. १९८७ साली ‘नेचर’मध्ये त्याचा निष्कर्ष आला : या काळात रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली होती. नुसती फट मिटली नव्हती, मुळात दारंच कमी बसवली जात होती.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण हाच आकडा पुढे कुठेही चिकटवला जातो. वुडवर्डची पानं युरोपातल्या वृक्षांची आणि झुडपांची होती, पिकांची नव्हती. पिकांचं काय होतं ते बघायला शास्त्रज्ञांनी उघड्या शेतात प्रयोग केले. शेतात पाइपांचं मोठं रिंगण करायचं, वाऱ्याची दिशा बघून त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि आतल्या पिकाला या शतकाच्या मध्यावर असू शकेल अशी, म्हणजे ५५०च्या आसपासची हवा द्यायची. काच नाही, छत नाही. ऊन, पाऊस, किडे सगळं खरं. या पद्धतीला ‘फेस’ म्हणतात. अमेरिकेत इलिनॉयमधलं सोयाबीनचं ‘सॉयफेस’ हे त्यातलं गाजलेलं शेत. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतही अशी सोय आहे.

या प्रयोगांमधून दिसलं ते असं : पिकांमध्ये रंध्रांची संख्या फारशी बदलत नाही, पण रंध्रं कमी उघडतात. पानातून वायू आणि वाफ जाण्या-येण्याचं प्रमाण सरासरी पाचव्या हिश्शाने घटतं. म्हणजे पिकं तोंड मिटतात, हे शेतात मोजून सिद्ध झालंय.

मग अडचण काय? पाणी तर वाचलं!

पाणी वाचलं, मान्य. पण तीन बिलं बाकी आहेत.

पहिलं बिल उष्णतेचं. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं? मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. त्याच माठाला बाहेरून ऑइलपेंट फासला तर पाणी वाचेल, पण गार राहणार नाही. पानाचं तेच. रंध्रांतून जाणारी वाफ हा पानाचा घाम आहे. तोंड मिटलं की घाम कमी, आणि पान तापतं. जास्त कार्बन डायऑक्साइडच्या रिंगणातलं पीक शेजारच्या पिकापेक्षा गरम असतं, हे सॉयफेसमध्ये मोजलं गेलंय.

एरवी हे चालून गेलं असतं. पण हवा आधीच तापतेय. मार्च २०२२ आठवतोय? नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या १२२ वर्षांतला देशातला सर्वात गरम मार्च. उत्तरेत गव्हाचा दाणा भरायची वेळ आणि वरून ती झळ. उत्पादनाचे अंदाज खाली आले आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. भाताचंही तसंच, फुलोऱ्यात असताना तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की दाणे पोचट राहायला लागतात. अशा वेळी पिकाला घामाची गरज सगळ्यात जास्त असते, आणि जास्त कार्बन त्याला कमी घाम गाळायला सांगतो.

दुसरं बिल दुष्काळाचं, आणि ते खरं धक्कादायक आहे. सगळ्यांची अपेक्षा अशी होती की पाऊस कमी पडला तर हीच पाण्याची बचत पिकाला तारेल. सॉयफेसमध्ये आठ वर्षांच्या प्रयोगांतून हे तपासलं गेलं. काही वाफ्यांवरचा पाऊस मुद्दाम अडवला, आणि काही वर्षं निसर्गतःच कोरडी गेली. २०१६ साली ‘नेचर प्लांट्स’मध्ये निकाल आला. पाऊस बरा असताना जास्त कार्बनवर सोयाबीनचं उत्पन्न वाढत होतं. पण दुष्काळ जसजसा तीव्र होत गेला तसतसा हा फायदा घटत घटत शून्यावर आला. जास्त कार्बनवर पोसलेलं झाड पसरतं, त्याची पानं वाढतात. एकेक पान पाणी कमी सोडतं, पण पानंच जास्त. त्यात दुष्काळात रंध्रं आणखी आवळली जातात, वरचा पर्णसंभार तापतो, आणि प्रकाशसंश्लेषणाला मिळणारा फायदा निघून जातो.

हे इलिनॉयमधलं सोयाबीन. आता लातूर, वाशीम, बुलढाण्यातलं सोयाबीन डोळ्यांसमोर आणा. पेरणीनंतर पावसाने दडी मारली की काय होतं, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. छत्रीची गरज पावसात असते. ऊन असताना उघडणारी आणि पाऊस आला की मिटणारी छत्री कुणी फायद्याची म्हणून विकत असेल, तर आपण दोन प्रश्न विचारू की नाही?

तिसरं बिल ताटातलं. २०१४ साली ‘नेचर’मध्ये एक मोठा अभ्यास आला. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका इथल्या उघड्या शेतांतल्या प्रयोगांमधला दाणा तपासला होता, ४१ वाणांचा. ५५०च्या आसपास कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्के कमी, लोह ५ टक्के कमी, प्रथिनं ६ टक्के कमी. भातातही लोह ५ टक्क्यांनी आणि प्रथिनं जवळपास ८ टक्क्यांनी घटली. कारण काय, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे. दाण्यात पिष्ट वाढलं की बाकीचं आपोआप पातळ होतं, हे एक. आणि दुसरं पुन्हा आपल्या त्या फटीपाशी येतं : वरून वाफ कमी गेली की खालून मातीतलं पाणी कमी ओढलं जातं, आणि त्या पाण्यासोबत मुळापाशी येणारी पोषकद्रव्यंही कमी येतात.

पाच टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. ज्याच्या ताटात रोज अंडं, दूध, भाजी, सुकामेवा आहे त्याला नाही जाणवणार. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना अ‍ॅनिमिया आहे. यात आपल्या वर्गातल्या मुली आहेत, होस्टेलवर राहून मेसचा भात खाणाऱ्या मैत्रिणी आहेत. ज्यांचं पोट मुख्यतः धान्यावरच भरतं, त्यांच्यासाठी पाच टक्के म्हणजे पाच टक्केच नसतात. पोतं भरलेलं दिसेल, वजनकाटा खूश असेल, आणि दाणा आतून हलका झालेला असेल. बाजार समितीत जस्ताचा भाव कुणी लावत नाही.

ज्वारी वेगळी, सोयाबीन वेगळं

‘पिकांना फायदा होतो’ या वाक्यातला सगळ्यात आळशी शब्द म्हणजे ‘पिकांना’. कुठल्या?

वनस्पतींमध्ये प्रकाशसंश्लेषणाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. गहू, भात, सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस हे सी-थ्री गटातले. त्यांना बाहेरचा कार्बन वाढला की थेट फायदा होतो, निदान पाणी आणि नत्र पुरेसं असेल तोवर. तोही सुरुवातीला काचघरातल्या प्रयोगांवरून जेवढा वाटला होता त्याच्या निम्म्याच्या आसपासच उघड्या शेतात मिळाला. दुसरा गट सी-फोर : ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, ऊस. यांनी पानाच्या आतच कार्बन डायऑक्साइड साठवून घट्ट करायची युक्ती शोधलेली आहे. त्यांचं पोट आधीच भरलेलं. त्यामुळे पाणी मुबलक असताना बाहेर कार्बन वाढला तरी त्यांचं उत्पन्न वाढत नाही. इलिनॉयमधल्या मक्याच्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं. रंध्रं मात्र तीही मिटतात. म्हणजे सी-फोर पिकांना मिळतो तो फायदा फक्त पाण्याचा.

आणि इथे गोष्ट आपल्यासाठी इंटरेस्टिंग होते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, मॅरिकोपाच्या वाळवंटी भागात ज्वारीवर असाच प्रयोग झाला. भरपूर पाणी दिलेल्या ज्वारीला जास्त कार्बनचा उपयोग झाला नाही. पाणी तोडलेल्या ज्वारीची वाढ मात्र सुधारली.

आता आपली रब्बी ज्वारी बघा. मंगळवेढा, सोलापूर, बार्शीकडची मालदांडी. पाऊस संपल्यावर पेरायची, आणि काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर काढायची. वरून पाणी जवळपास नाहीच. जमिनीत जेवढी ओल शिल्लक तेवढाच दाणा भरणार. अशा पिकाने थोडं कमी पाणी उडवलं तर ती ओल दाणे भरायच्या दिवसांपर्यंत पुरू शकते, असा तर्क करायला जागा आहे. म्हणजे वाढत्या कार्बनच्या हवेत ज्या पिकाला खरीखुरी मदत होण्याची शक्यता आहे, ते आपलं गरिबाचं, कोरडवाहू पीक आहे. आणि ज्वारीचं क्षेत्र तर आपण वर्षानुवर्षं कमी करत आलोय. सोयाबीनला भाव, उसाला कारखाना, ज्वारीला मात्र फक्त हुरडा पार्टीचं कौतुक.

अर्थात तर्क म्हणजे पुरावा नव्हे. हवा तापली की ती जास्त वाफ ओढते. तापमान एक अंशाने वाढलं की हवेची वाफ धरायची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे रंध्रांनी एका हाताने वाचवलेलं पाणी तापलेली हवा दुसऱ्या हाताने काढून घेणार. शेवटी शिल्लक काय राहते, हे पिकावर, वाणावर, मातीवर आणि त्या वर्षाच्या पावसावर ठरणार. ते मोजावं लागतं. फॉरवर्ड करून कळत नाही.

कमी रंध्रांचा भात

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही का? एक आशादायक काम आहे. २०१९ साली ब्रिटनमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या गटाने आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेसोबत आयआर-६४ या प्रसिद्ध वाणात जनुकीय बदल करून मुळातच कमी रंध्रं असलेला भात तयार केला. वाढीच्या एका आठवड्यात या रोपांनी नेहमीच्या सुमारे ६० टक्केच पाणी वापरलं. जास्त कार्बन डायऑक्साइडच्या हवेत, दुष्काळ आणि ४० अंश तापमान अशा दुहेरी माऱ्यात ही रोपं साध्या रोपांपेक्षा जास्त काळ तगली. आधी पाणी जपून वापरल्यामुळे त्यांच्याकडे अडचणीच्या वेळेसाठी शिल्लक होती.

मला हे काम भारी वाटतं. पण म्हणून ‘चला, प्रश्न सुटला’ असं म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेतलं रोप आणि भंडाऱ्याच्या बांधीतला भात यांच्यामध्ये खूप अंतर आहे. कमी रंध्रांच्या दाण्यात जस्त-लोह किती, हे वाणागणिक तपासावं लागेल. शिवाय जीएम पिकांना परवानगी द्यायची की नाही हा वाद आपल्याकडे स्वतंत्रपणे चालूच आहे. त्याच्या निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा आपल्या शेतांत आज असलेल्या वाणांमध्ये रंध्रांचा फरक किती आहे हे आधी बघणं शहाणपणाचं. वाणावाणात हा फरक असतो. आपल्या जुन्या वाणांमध्ये कदाचित असं काही असेल जे आपण कधी मोजलंच नाही.

मग आपण काय मागायचं?

माझं म्हणणं तीन मुद्द्यांत मांडते येईल इतकं साधं आहे.

एक, चर्चा फक्त क्विंटलमध्ये करणं थांबवू. नवीन वाण आला की पहिला प्रश्न असतो, ‘एकरी किती?’ शेतकऱ्याने तो विचारायलाच हवा, त्याचं घर त्यावर चालतं. पण वाण तयार करणाऱ्या आणि शिफारस करणाऱ्या संस्थांनी आणखी दोन आकडे सांगायला हवेत : हे उत्पन्न किती पाण्यात, आणि दाण्यात जस्त-लोह किती? येत्या तीस वर्षांच्या हवेत हे तीन आकडे एकाच दिशेने जाणार नाहीत. एक वाढेल तेव्हा दुसरा घटेल. मग तिन्ही टेबलावर ठेवूनच निवड व्हायला हवी.

दोन, आपली पिकं आपल्या मातीत तपासा. गाजलेल्या निष्कर्षांतले बरेचसे इलिनॉय, अ‍ॅरिझोना, जपानमधले आहेत. राज्यात राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. पिकांवर येणाऱ्या ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था बारामतीजवळ माळेगावला आहे. मालदांडी, तूर, सोयाबीन या आपल्या पिकांना उद्याच्या हवेत, आपल्या काळ्या मातीत, पावसाच्या खंडासह वाढवून बघणं हा संशोधनाच्या यादीतला शेवटचा नाही, पहिला विषय असायला हवा. असे प्रयोग महाग असतात, वर्षानुवर्षं चालवावे लागतात, आणि त्यांचं उद्घाटन करून फोटो छान येत नाही. म्हणूनच त्यांच्यासाठी कुणीतरी बोलायला हवं. अ‍ॅग्री, बॉटनी, मायक्रोबायोलॉजीचे विद्यार्थी नाही बोलणार तर कोण?

तीन, ‘कार्बन म्हणजे खुराक’ ही सबब कुणालाही वापरू देऊ नका. कोळसा जाळणाऱ्याला नाही, धोरण ठरवणाऱ्याला नाही आणि आपल्यालाही नाही. त्याच वेळी उलट टोकाला जाऊन ‘सगळं संपलं, शेतीचं काही खरं नाही’ असंही नको. दोन्हींमध्ये एक आराम आहे, पुढे काही करायला लागत नाही. पान असं एका वाक्यात निकाल लावत नाही. ते उजेड बघतं, मुळांकडून पाण्याची खबर घेतं, आतली हवा तपासतं, आणि मग ठरवतं फट किती उघडायची. आपल्याकडे तर मेंदूही आहे.

आणि ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांच्यासाठी हे आणखी जवळचं आहे. पुढच्या वीस-तीस वर्षांत काय पेरायचं याचा निर्णय वडिलांकडून तुमच्याकडे येणार आहे. जी हवा आज पाइपांच्या रिंगणात कृत्रिमपणे सोडली जातेय, ती तेव्हा तुमच्या बांधावर फुकट असेल. कृषी सहायक गावात आला, विद्यापीठाचा मेळावा भरला, बियाण्याच्या कंपनीचा माणूस पत्रक घेऊन आला, तर ‘एकरी किती’च्या पुढचे दोन प्रश्न विचारायला सुरुवात करा. पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही. पाच-पन्नास जणांनी विचारलं की उत्तर शोधावं लागेल.

करून बघा

रंध्रं मोजायला परदेशी लॅब लागत नाही. कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप पुरतो.

- पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावा. दहा-पंधरा मिनिटं पूर्ण वाळू द्या.
- त्यावर पारदर्शक सेलोटेप दाबून चिकटवा आणि हळूच ओढून काढा. रंध्रांचा ठसा टेपवर येतो. टेप स्लाइडवर चिकटवा आणि बघा.
- एका दृश्यक्षेत्रात किती रंध्रं दिसतात ते मोजा. एका पानावर किमान पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. मायक्रोस्कोपची पॉवर सगळीकडे तीच ठेवा.
- तुलना करा : पानाची वरची बाजू आणि खालची बाजू, उन्हातलं पान आणि सावलीतलं पान, घरच्या ज्वारीचे दोन वाण. ज्वारीच्या रक्षक पेशी राजम्यासारख्या नाही तर व्यायामशाळेतल्या डंबेलसारख्या दिसतील, दचकू नका.
- आजच्या पानांवरून कार्बन डायऑक्साइडचा परिणाम कळणार नाही, त्यासाठी जुनी पानं लागतात. ती आपल्याकडेही आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम १९०६ पासूनचं आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचा वनस्पतिसंग्रह आहे. तिथल्या नमुन्यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही, नेलपॉलिश तर अजिबात नाही. पण प्राध्यापकांना सोबत घेऊन, रीतसर पत्र देऊन विचारायला काय हरकत आहे? शंभर वर्षांपूर्वीचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवून मोजणं, हा लास्ट इयरच्या प्रोजेक्टसाठी नेटवरून कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा कितीतरी भारी विषय आहे.